धाब्याचं घर, मुलांचा ताप आणि वाळूमाशी : खानदेशकरांची मदत हवी आहे

गोमाईकाठ

नमस्कार मंडळी. मी शहादा तालुक्यातली. शिक्षण कीटकशास्त्राचं, आणि सध्या पीएचडीसाठी लहान मुलांच्या कीटकजन्य तापांवर काम करते आहे. पहाटे गोठ्यात बॅटरी घेऊन बसलेली मला पाहून माझी आजी विचारते, "भितमा काय धुंडी राहिनी, बेटा?" ताप पोराला, तो तपासणार डॉक्टर, मग ही भिंतीच्या भेगेत काय शोधते, हा तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, आणि शेवटी तुमच्याकडून काही माहिती मागते.

१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ तिथले रक्तनमुने तपासत होते. त्यांना डेंग्यू आणि चिकुनगुनिया अपेक्षित होते. दोन रुग्णांच्या रक्तात मात्र निराळाच विषाणू निघाला. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये तो जगासमोर मांडला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. ते दोन्ही रुग्ण मोठ्या वयाचे होते. पुढे काही वर्षांत महाराष्ट्रातल्याच वाळूमाश्यांमध्येही तो सापडला. पण यामुळे मुलं दगावतील असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. नोंद झाली आणि विषय मागे पडला.

मग २००३ चा पावसाळा आला. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मुलं पटापट आजारी पडू लागली. सकाळी ताप, दुपारी उलट्या आणि झटके, रात्री बेशुद्धी. सुरुवातीला जपानी मेंदूज्वराचा संशय होता. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासले तेव्हा अडतीस वर्षांपूर्वीचा चांदीपुरा समोर उभा राहिला. त्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ गेली. नंतर गुजरातेत २००४ मध्ये, नागपूर विभागात २००७ मध्ये साथी आल्या. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा मोठा उद्रेक झाला. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, त्यातल्या ६४ जणांत चांदीपुराची खात्री झाली.

गुजरात आपल्याला लांब नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत उभं आहे. आपल्या सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला दरवर्षी बारडोली-सुरतेकडे जातात, पोरंबाळं घेऊन.

याला औषध नाही आणि लसही नाही. दवाखान्यात पोचल्यावर अनेक मुलं एक-दोन दिवसांतच जातात. म्हणजे मूल आजारी पडल्यावर हातात वेळच फार थोडा असतो. जे काही करायचं ते आधी, घरात. हा विषाणू वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो आणि ती मातीच्या भिंतीच्या भेगांत राहते, म्हणून मी भिंतीत शोधते.

वाळूमाशी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, पिवळसर तपकिरी, अंगभर लव, आणि बसली की पंख पाठीवर उभे तिरपे धरते. कानाशी गुणगुणत नाही. लांब उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. तिची अंडी-अळ्या पाण्यात नसतात, हे लोकांना सगळ्यात अवघड जातं. ओलसर माती, शेणाचा चुरा, पालापाचोळा, भिंतीच्या पायाशी असलेली भेग, तिथे ती वाढते. त्यामुळे डबकी बुजवून आणि गप्पी मासे सोडून तिचं काहीच बिघडत नाही.

आता माझे प्रश्न. तुमच्या गावात धाब्याची (मातीच्या सपाट छपराची), मातीच्या भिंतींची घरं अजून किती आहेत? गोठा घराला लागून असतो की वेगळा? सारवण वर्षातून कधी होतं? आणि या माशीला तुमच्याकडे काय म्हणतात? अहिराणी, पावरी, भिली, कुठलंही नाव चालेल.

---

माहेर_पारोळा

ताई, खूप मोलाचं काम. आमच्या आईचं घर धाब्याचंच आहे. वरती माती, खाली सागाचे सर, भिंती दोन हात जाड. उन्हाळ्यात असा गारवा स्लॅबच्या घरात मिळत नाही. गोठा ओसरीला चिकटून, मधे नुसतं दार.

तुम्ही सांगता तशी माशी लहानपणी पाहिल्याचं आठवतं, आम्ही सरसकट "केमरं" म्हणायचो. वेगळं नाव ऐकलं नाही.

सारवण दोनदा. एक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दुसरं कानबाई देवीच्या सणाआधी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याच्या आधल्या आठवड्यात घर लख्ख करायचंच. भिंती पोतारायच्या, चुना मारायचा.

---

पांझराकाठचे आबा

धागा वाचून राहवलं नाही. मी हिवताप विभागात पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच साक्री आणि शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

पारोळ्याच्या ताईंनी कानबाईचं लिहिलं, त्यावर सांगतो. आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर घरात फवारणी करायचो. स्टिरप पंप, एक जण दांडा मारणार, दुसरा नळी धरणार. ते औषध भिंतीवर बसून राहावं लागतं. डास रक्त पिऊन जड होतो, भिंतीवर टेकतो आणि तिथे मरतो, असा त्याचा हिशोब. दारावर गेरूने तारीख टाकायचो. आणि श्रावणात त्याच घरावरून गेलो की भिंत नव्या शेणामातीने गुळगुळीत! सगळं औषध सारवणाच्या खाली गाडलेलं. बाईला रागावून काय उपयोग? कानबाई घरात यायची तर ती भिंत डागाळलेली कशी ठेवेल? आम्ही वर कळवायचो की फवारणीचं वेळापत्रक सणवार पाहून लावा. नंतर नंतर मी माझ्यापुरतं शिकलो. गावात शिरलो की आधी म्हाताऱ्या बाईला विचारायचं, "माय, घर कधी सारवणार?" आणि शक्य झालं तर फवारणी त्याच्या नंतर धरायची.

डोंगराकडचा हिवताप वेगळा आणि पठारावरचा वेगळा, हेही तेव्हाच कळलं. वाहत्या झऱ्याच्या काठाला होणारा डास एक, विहिरी-कालव्याचा दुसरा. नोकरीला लागलो तेव्हा सीनियर लोक सांगायचे की १९६५ च्या सुमारास देशात हिवताप वर्षाला लाखभर रुग्णांवर आला होता, आता संपलाच असं समजून सगळे सैल झाले, आणि १९७६ ला तोच आकडा ६४ लाखांवर गेला. ती धास्ती आमच्या खात्यात मुरलेली होती. रोज रक्ततपासणीच्या अमुक इतक्या काचपट्ट्या भरल्याच पाहिजेत.

आता एक वेगळी गोष्ट, कारण ताईंनी लिहिलं की औषध नाही, लस नाही. इथल्या तरुण मंडळींनी नारू पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. पायाला फोड येतो, फोड फुटतो आणि आतून पांढरा दोरा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडला. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस खाटेवर, आणि शाळकरी पोरं पाय ओढत चालायची. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव नारूची पिलं गिळायचा आणि तेच पाणी माणूस प्यायचा.

नारूलाही औषध नव्हतं, लस नव्हती. आम्ही काय केलं? घरोघरी जाऊन विचारलं. रुग्ण सापडला की त्याला विहिरीत उतरू दिलं नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा कठडे घातले. पाणी दुहेरी फडक्याने गाळायला शिकवलं. १९८३-८४ ला देशभर मोहीम सुरू झाली. शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात जोधपूरकडे सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. एका फडक्याने झालं हे. म्हणून पोरी, तू भिंत बघतेस ते योग्यच बघतेस.

---

गोमाईकाठ

आबा, नमस्कार करते. कानबाई आणि फवारणीचं तुम्ही जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. चांदीपुराचा मोसमही जून ते सप्टेंबरच. म्हणजे भिंतीवरचं औषध ज्या आठवड्यात सारवणाखाली जातं, त्याच दिवसांत धोका सगळ्यात जास्त. हे मी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलं आहे.

एक भर घालते. वाळूमाशी जमिनीलगत राहते, फार उंच चढत नाही. बिहारमध्ये काळ्या आजारासाठी (तोही वाळूमाशीनेच पसरतो) भिंतीवर सहा फुटांपर्यंतच फवारतात. म्हणजे भिंतीचा खालचा भाग आणि पायाशी असलेल्या भेगा सांभाळल्या तरी पुष्कळ होईल.

---

केळीबाग_रावेर

ताईंच्या कामाबद्दल आदर आहे, पण एक स्पष्ट विचारतो. आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात डेंग्यू असतो. चार घरं सोडून पोरगं ॲडमिट. चांदीपुरा आमच्या भागात मी तरी ऐकला नाही. जे रोज छळतंय त्यावर काम करायचं सोडून कधीतरी येणाऱ्या साथीमागे का लागायचं? आणि आता धाब्याची घरं राहिली किती, सगळीकडे स्लॅब पडले.

---

आईची_वही

केळीबाग भाऊंशी मी निम्मी सहमत आहे, कारण डेंग्यू मी घरात भोगला. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्याच एका गावात राहतो, नाव लिहीत नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. त्यामुळे घरात दोन ड्रम, एक सिमेंटची टाकी, मोरीत हंडे-कळशा. पाणी म्हणजे सोनं, ते ओतून टाकायला हात धजत नाही.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. चार दिवस ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायचा. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी देवापुढे साखर ठेवली. तो नुसता पडून होता, मला वाटलं अशक्तपणा आहे, झोपू दे. दुपारी पोट दुखतं म्हणाला, दोनदा ओकला. हातपाय हातात घेतले तर गार, मडक्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, "उठ, आत्ताच्या आत्ता ने." डॉक्टरांनी बघताक्षणी सलाईन लावलं आणि मला म्हणाले, अजून काही तास थांबला असता तर अवघड होतं. ताप उतरला त्याच दिवशी खरा धोका होता, आणि मी त्या दिवशी निर्धास्त होते. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

---

वाघूर_बालरोग

मी बालरोगतज्ज्ञ, जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस. आईची_वही यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारत राहतात, आम्ही नाडी, लघवी आणि हातापायांची ऊब बघत असतो. पोट दुखणं, सतत उलट्या, गार हातपाय, सुस्ती, हिरड्यांतून रक्त: यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, ब्रुफेन नको.

संशोधन का हवं, यावर केळीबाग यांना माझ्या टेबलावरून सांगतो. रात्री दोनला झटके येणारं मूल येतं. आधी झटका थांबवा, साखर तपासा, मलेरियाची पट्टी लावा, मेनिंजायटिसचं औषध सुरू करा. पहाटे मूल जातं. कागदावर आम्ही लिहितो, "मेंदूज्वर, कारण अज्ञात". रक्त आणि पाठीतलं पाणी वेळेत, थंडाव्यात पुण्याला गेलं नाही तर ते अज्ञात तसंच राहतं. "आमच्या भागात ऐकला नाही" या वाक्याची मला म्हणूनच भीती वाटते.

झटका आला तर घरच्यांनी काय करावं, तेही लिहून टाकतो. मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना.

नंदुरबार-धुळ्याकडच्या पालकांसाठी एक खास सूचना. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा नुसता वाहक असेल तर मलेरियाच्या गंभीर रूपापासून थोडं संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं. यातून "सिकलसेल असला की मलेरिया होत नाही" असा चुकीचा अर्थ काढला जातो. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, त्या मुलाला मलेरिया किंवा कुठलाही ताप हा इतरांपेक्षा जास्त घातक असतो. अशा मुलाचा ताप एक रात्रही अंगावर काढू नका.

---

गोमाईकाठ

डॉक्टर, धन्यवाद. केळीबाग दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. मी ज्या घरात वाळूमाश्या गोळा करते, तिथले ड्रम आणि रांजणही तपासते. एकाच पोराला दोन्ही चावतात. डेंग्यूचा डास दिवसा, वाळूमाशी रात्री.

डेंग्यूच्या बाबतीत मला स्कॉट हॉलस्टेड यांचं काम फार शिकवून गेलं. १९६० च्या दशकात ते बँकॉकमध्ये होते. तिथल्या रुग्णालयांत रक्तस्रावी डेंग्यूने मुलं दगावत होती. त्यांनी मुलांची वयं मांडली तर दोन गट दिसले. एक, आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेली मुलं. दुसरा गट वर्षाच्या आतल्या तान्ह्यांचा, ज्यांना डेंग्यू पहिल्यांदाच झाला होता. हे कोडं होतं. उत्तर असं की तान्ह्यांच्या अंगात आईच्या जुन्या डेंग्यूची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) होती. डेंग्यूचे प्रकार चार. एका प्रकाराची अर्धवट उरलेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला अडवत तर नाहीतच, उलट पेशींत शिरायला वाट करून देतात. पुढे फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांच्या आसपास मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लसीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो, हे २०१७ च्या अखेरीस लस बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं आणि मोहीम थांबवावी लागली. हॉलस्टेड यांनी ही शंका आधीच लिहून ठेवली होती. मुलांच्या वयांचा एक साधा तक्ता, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत केवढी.

आईची_वही ताई, पाणी ओतायला हात धजत नाही हे मला कळतं, माझ्या घरीही तेच आहे. पाणी ओतू नका, दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. पण रिकामा ड्रम आतून काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेला भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात. नुसतं विसळून ती जात नाहीत. आठवड्यातून एकदा घासलं की अंड्यापासून डास होण्याची साखळी तुटते. मग वरून जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं घट्ट बांधा. आबांनी नारूसाठी वापरलं तेच.

---

आशाताई_डोंगरपट्टा

मी धडगाव भागात आशा आहे. जास्त लिहिता येत नाही, फोनवर लिहिते.

ताई, तापाचा दिवस विचाराल तर पालकांना तारीख सांगता येत नाही. मी बाजारावरून विचारते. मागच्या बाजाराला गेलात तेव्हा पोरगं बरं होतं का? बाजारातून आल्यावर किती रात्री झाल्या? मग बरोबर दिवस निघतो. डॉक्टरांना पण तोच सांगते.

काही पाड्यांवरून पोराला झोळीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथून गाडी. पावसात नाला भरला की थांबायचं. म्हणून तुम्ही एक दिवसात मूल जातं लिहिलं ते वाचून छातीत धस्स झालं. आमच्याकडे अर्धा दिवस वाटेतच जातो.

पाड्यावर घरं कुडाची, आतून मातीने लिंपलेली. शेळ्या, कोंबड्या घरातच. मच्छरदाणी मिळाली आहे, पण गरम होतं म्हणून मुलं बाहेर खाटेवर झोपतात.

---

गोमाईकाठ

आशाताई, बाजाराचा हिशोब मी आजपासून वापरणार. मच्छरदाणीबद्दल: साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून वाळूमाशी आत शिरू शकते, इतकी ती लहान आहे. सरकारी वाटपातली औषध भरलेली असेल तर जाळीला टेकूनच ती मरते. ती बाहेर खाटेवर बांधली तरी चालेल, कडा मात्र गोधडीखाली खोचा. आणि सारख्या धुऊ नका, औषध निघून जातं.

कुणीतरी व्यनित विचारलं की मोठ्यांना चांदीपुरा का होत नाही. मोठ्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं बऱ्याच प्रमाणात सापडतात, म्हणजे त्यांना तो कधीतरी नकळत होऊन गेलेला असावा. मुलांचं शरीर त्याला पहिल्यांदाच भेटतं.

---

केळीबाग_रावेर

ताई, माझा प्रश्न मागे घेतो म्हणत नाही, पण उत्तर पटलं. आज दुपारी घराच्या मागे गेलो होतो. नवं घर स्लॅबचं आहे, तरी जुना गोठा अजून मातीचाच, आणि तो बरोब्बर पोरांच्या खोलीच्या खिडकीला लागून आहे. भिंतीच्या पायाला बोट जाईल एवढी भेग. शेणखताचा ढीग तिथेच. हे मी रोज बघतो, पण आज वेगळं दिसलं. गोठ्यात पहाटे भिंतीवर काही उडतं का, ते बघून सांगतो.

---

माहेर_पारोळा

गोमाईकाठ ताई, आईला फोन केला होता. ती म्हणते, यंदा कानबाईच्या आधी भेगा बुजवून, गोठ्याच्या बाजूने चुना मारून मग सारवते. पण फवारणीवाले आले तर थांबू का, की आधी सारवू?

---

पांझराकाठचे आबा

आधी सारवा, वाळू द्या, मग फवारणी करून घ्या. तुमच्या उपकेंद्रातल्या आरोग्य सेवकाला आईकडून तारीख कळवा. तो ऐकेल. फवारणी झाल्यावर मग दिवाळीपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही.

---

गोमाईकाठ

आबांनी सांगितलं तेच. फक्त माझी एक विनंती आहे. आईंनी भेगा बुजवण्याआधी मला एकदा तिथे येऊ द्याल का? गोठ्यात रात्रभर एक सापळा टांगायचा आहे. छोटा बल्ब, खाली पंखा आणि बारीक जाळीची पिशवी, बॅटरीवर चालतो. गुरांना काही त्रास नाही. पहाटे नळीने भिंतीवरच्या माश्या टिपून घेईन. तोवर तिथे दुसरा दिवा लावू नका, एवढंच.

---

माहेर_पारोळा

या ना ताई, आईला सांगून ठेवते. पत्ता व्यनि करते. कानबाईच्या आधीच्या रविवारी मुक्कामालाच या, पण पहाटे पाच वाजेला उठावं लागेल. साडेपाचला ती शेण काढायला गोठ्यात जाते आणि भिंत झाडून टाकते.